ज्येष्ठांच्या गायन-नाट्य वर्गामुळे मन बरं राहतं का, हे मोजायचं कसं?

सूरसांगाती

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी आमची संस्था साठीपुढच्या लोकांसाठी १२ आठवड्यांचा गायन-नाट्य वर्ग चालवते. आठवड्यातून एकदा दीड तास: सुरुवातीला पंधरा मिनिटं श्वास आणि आवाजाचे व्यायाम, मग पाऊण तास ओव्या, अभंग, जुनी भावगीतं, आणि शेवटचा अर्धा तास नाट्यखेळ. पहिल्या तुकडीत ३६ जण आले, शेवटच्या दिवशी २७ होते. शेवटी एक अभिप्राय फॉर्म दिला होता. त्यात जवळपास सगळ्यांनी 'खूप आवडलं' लिहिलं.

आता एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्च करायच्या निधीतून) पुढच्या दोन तुकड्यांचा खर्च उचलायला तयार आहे. 'लोकांच्या मनःस्वास्थ्यात किती फरक पडला ते आकड्यांत दाखवा' असं त्यांचं म्हणणं आहे. प्रश्न असे:

१. कोणती प्रश्नावली वापरावी, आणि ती केव्हा भरून घ्यावी?
२. फरक वर्गामुळेच पडला हे म्हणता येण्यासाठी काय करावं लागतं?
३. काहींना लिहिता-वाचता येत नाही, काहींना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. त्यांचं काय?
४. बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेणं कायद्याने सक्तीचं आहे का?

हाताशी दोन कार्यकर्ते आणि एक लॅपटॉप आहे. वेगळा संशोधक नेमण्याइतके पैसे नाहीत.

---

मोजपट्टी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी. सीएसआरच्या नियमांत २०२१ पासून स्वतंत्र संस्थेकडून प्रभाव मूल्यांकनाची सक्ती आहे. पण ती ज्या कंपन्यांचं मागच्या तीन वर्षांतलं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा जास्त आहे त्यांनाच, आणि तीही १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांपुरती. तुमचा वर्ग त्यात बसणार नाही. म्हणजे मोजणी तुम्हीच करू शकता, आणि खरं तर तुम्हीच करावी.

'खूप आवडलं' हा अभिप्राय समाधानाचा आहे, मनःस्वास्थ्याचा नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तो शेवटच्या दिवशी, ज्यांनी शिकवलं त्यांच्याच समोर, चहा-पोहे झाल्यावर भरला जातो. त्या वेळी कोण वाईट लिहील?

प्रश्नावली म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची सूची, 'डब्ल्यूएचओ-५', तुम्हाला पुरेल. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का, एवढंच तिचं क्षेत्र. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत, तिला ४ ने गुणलं की ० ते १०० ची पट्टी मिळते. एका व्यक्तीच्या गुणांत १० चा फरक पडला तर तो दखलपात्र मानतात. ५० च्या खाली गुण असतील तर त्या माणसाची पुढे विचारपूस करायची.

वॉरिक आणि एडिंबरा विद्यापीठांनी तयार केलेली १४ विधानांची सूचीही चांगली आहे, ७ विधानांची छोटी आवृत्तीही मिळते. पण तिच्यासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि छोट्या आवृत्तीची बेरीज तक्त्यावरून बदलून घ्यावी लागते. ते राहून गेलं की आकडे दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाशी जुळत नाहीत. दोन कार्यकर्त्यांच्या संस्थेने पाच विधानांवर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडीला एकटेपणाचे तीन प्रश्न घ्या: सोबतीची उणीव वाटते का, आपल्याला वगळलंय असं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का. क्वचित, कधीकधी, वारंवार याला १, २, ३ गुण. बेरीज ३ ते ९, जास्त म्हणजे एकटेपणा जास्त. गटाने गाण्याचा परिणाम बऱ्याचदा आधी इथे दिसतो, मन प्रसन्न होण्याच्या आधी. दोन्ही मिळून आठ प्रश्न झाले. त्यावर नववा वाढवायचा मोह टाळा. लांबलचक फॉर्म अर्ध्यातच कंटाळून भरला जातो आणि मग सगळ्या ओळींवर एकाच रकान्यात खुणा दिसतात.

मराठी भाषांतर सूचीच्या अधिकृत ठिकाणी मिळालं तर तेच जसंच्या तसं घ्या. नसेल तर एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासायचं, आणि मग वर्गाबाहेरच्या पाच-सहा ज्येष्ठांना वाचून दाखवून 'यावरून तुम्हाला काय समजलं?' असं विचारायचं. एकदा शब्द ठरले की मधल्या काळात एक अक्षरही बदलायचं नाही.

केव्हा, याबद्दल: पहिल्या वर्गाच्या आधी, बाराव्या आठवड्यानंतर, आणि वर्ग संपून तीन महिन्यांनी. तिसरी मोजणी बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकं तिच्यातूनच कळतं की परिणाम समारोपाच्या कार्यक्रमाचा होता की टिकणारा.

तारखा ठरवताना पंचांग समोर ठेवा. प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यां'बद्दल आहेत. पहिली मोजणी आषाढ संपता संपता आणि शेवटची ऐन दिवाळीत घेतली तर चढलेले गुण कुणाचे? मुलं-नातवंडं घरी आलेली असतात त्याचे, की गाण्याचे? दोन्ही मोजण्या सणाच्या मागेपुढे किमान तीन आठवडे सोडून घ्या.

---

आकडेमोड

वरचं सगळं पटलं. मी फक्त दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण 'फरक वर्गामुळेच' हे वाक्य अहवालात सर्वांत सहज लिहिलं जातं आणि सर्वांत कमी वेळा सिद्ध झालेलं असतं.

आधी ३६ आणि २७ कडे बघा. समजा सुरुवातीला ३६ जणांची सरासरी ५२ आली. शेवटी २७ जणांची ५८. अहवालात '६ गुणांची वाढ' असं जाईल. आता समजा गळालेल्या ९ जणांची सुरुवातीची सरासरी ४० होती (ज्यांचं मन आधीच खचलेलं असतं ते लवकर यायचे थांबतात, त्यामुळे असं होणं अगदी शक्य आहे). मग टिकलेल्या २७ जणांची सुरुवातीची सरासरी किती? ३६ गुणिले ५२ म्हणजे १८७२. त्यातून ९ गुणिले ४०, म्हणजे ३६०, वजा केले की उरतात १५१२. भागिले २७, म्हणजे ५६. टिकलेल्यांमधली खरी वाढ फक्त २ गुणांची. बाकीचे ४ गुण कमी गुणांची माणसं निघून गेल्यामुळे 'वाढले'.

म्हणून तुलना नेहमी त्याच माणसाची त्याच माणसाशी. प्रत्येकाचा शेवटचा आकडा वजा पहिला आकडा काढा आणि त्या फरकांची सरासरी घ्या. सोडून गेलेल्या ९ जणांचे पहिले गुण अहवालात वेगळ्या ओळीत द्या. शक्य असेल तर त्यांच्याकडूनही शेवटची मोजणी घ्या. वर्ग सोडला म्हणजे मोजणीही सोडली, असं करू नका. उलट कार्यक्रम कुणाला झेपत नाही हे त्यांच्याकडूनच कळतं.

२ गुणांची सरासरी वाढ आली तर तिचा अर्थ काय? फरकांचं प्रमाण विचलन (माणसामाणसांतले आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) समजा १६ आहे. १६ भागिले २७ चं वर्गमूळ (५.२), म्हणजे ३.१ ही प्रमाण त्रुटी (सरासरी योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप). तिच्या सुमारे दुप्पट, ६.३, दोन्ही बाजूंना धरले की खरी वाढ उणे ४.३ पासून ८.३ पर्यंत कुठेही असू शकते. शून्य त्या पट्ट्याच्या आतच आहे. इथे 'वाढ झाली' असं लिहिता येत नाही. 'या तुकडीवरून सांगता येत नाही' एवढंच लिहिता येतं.

दुसरी गफलत: फक्त ५० च्या खाली गुण असलेल्यांनाच वर्गात घेणं. माणूस वाईट पंधरवड्यात फॉर्म भरतो, कमी गुण पडतात, तो वर्गात येतो, आणि काही न करताही पुढचा पंधरवडा त्यातल्या त्यात बरा जातो. सरासरी आपोआप वर सरकते. उलट बाजूने, सुरुवातीलाच ८८ गुण असलेल्या आजींचे गुण आणखी वाढायला जागाच नाही.

या सगळ्यावर उतारा एकच, तुलनेचा गट. आणि तुमच्याकडे तो फुकट आहे, कारण तुम्हाला दोन तुकड्या घ्यायच्याच आहेत. ६० अर्ज एकदम मागवा. चिठ्ठ्या टाकून ३० जण पहिल्या तुकडीत, ३० दुसऱ्या तुकडीसाठी प्रतीक्षा यादीत. कुणावर अन्याय नाही, वर्ग सर्वांनाच मिळणार आहे. पहिल्या तुकडीचे बारा आठवडे संपले की दोन्ही गटांची मोजणी त्याच आठवड्यात करा. सण, ऊन, थंडी, गावातली साथ, सगळं दोन्ही गटांना सारखंच लागू झालेलं असतं. ते वजा होऊन जातं. फक्त दुसरी तुकडी ही मोजणी झाल्यावरच सुरू करा. तीन महिन्यांनंतरच्या मोजणीला मात्र तुलनेचा गट राहणार नाही, तेवढं अहवालात नोंदवा.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. पहिला फॉर्म चिठ्ठी काढायच्या आधी भरून घ्यायचा. नाहीतर 'आपला नंबर लागला नाही' याची खंत गुणांत उतरते. आणि नवरा-बायको किंवा एकमेकींच्या सोबतीनेच येणाऱ्या शेजारणी यांची एकच चिठ्ठी करायची, त्यांना फोडायचं नाही. फोडलं तर एकटी पडलेली बाई येतच नाही.

आकार किती हवा? गुणांचं प्रमाण विचलन २० धरलं आणि दोन गटांत १० गुणांचा फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६३ माणसं लागतात. ३० विरुद्ध ३० मध्ये साधारण साडेचौदा गुणांपेक्षा लहान फरक निसटायची शक्यता मोठी. सुरुवातीचे गुण हिशेबात धरले तर थोडी मदत होते. खरा मार्ग म्हणजे पुढच्या वर्षी हीच पद्धत, हेच प्रश्न ठेवून आणखी ६० जणांची जोड करायची, आणि हे देणगीदाराला आजच सांगून ठेवायचं.

हे गावपातळीवर अशक्य वाटत असेल तर इंग्लंडमधल्या केंटचं उदाहरण बघा. तिथे साठीपुढच्या २५८ लोकांना चिठ्ठीपद्धतीने समूहगायन आणि नेहमीचा दिनक्रम अशा गटांत विभागलं आणि तीन व सहा महिन्यांनी मोजलं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानसिक आरोग्याशी निगडित जीवनमान गाणाऱ्या गटात सहा महिन्यांनीही सरस होतं. गायनवर्ग साधेच होते. शिस्त होती ती मोजणीत.

---

नेपथ्य

आकड्यांबद्दल वर सविस्तर आलंच आहे. पण वर्गात नेमकं काय घडलं याची नोंद नसेल तर चांगला आकडाही मुका राहतो. गुण वाढले नाहीत तर गाणं निरुपयोगी होतं, की बारापैकी पाचच वर्ग नीट झाले होते?

हजेरीपटावर फक्त 'ह' आणि 'गै' नको. गैरहजेरीला कारणाची खूण ठेवा: तब्येत, घरचं काम किंवा नातवंडं, परगावी, यायची सोय नव्हती, आवडलं नाही. सलग दोन वर्ग चुकले की फोन, आणि तो वर्ग घेणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करायचा. शिकवणाऱ्याला 'मला आवडलं नाही' असं कुणी सांगत नाही. किती हजेरी म्हणजे 'वर्ग पूर्ण केला' हे आधीच ठरवून लिहून ठेवा. बारापैकी आठ हा आकडा बरा पडतो. आकडे आल्यावर ही रेष सरकवली तर सगळी मोजणी वाया गेली असं समजा.

निरीक्षणाचा एक साधा कागद ठेवा. दुसरा, सातवा आणि अकरावा वर्ग, असे तीनच दिवस. खोलीच्या कडेला बसलेल्या दोन जणांनी, एकमेकांशी न बोलता, डोळ्यांना दिसेल तेवढंच नोंदवायचं: स्वतःहून ओवी कुणी सुरू केली, शेजारच्या सोडून तिसऱ्याशी कोण बोललं, वर्ग संपल्यावर दहा मिनिटं कोण रेंगाळलं, कोण पूर्ण वेळ दाराकडे तोंड करून बसलं. 'आनंदी दिसत होत्या' हे निरीक्षण नव्हे, तो अंदाज झाला. दोन्ही कागद त्याच संध्याकाळी शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जुळत नाही ती खूण पुढच्या वेळी आणखी नेमकी करा.

आणि नकोशा परिणामांची विचारणा करा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कलेने कुणाला त्रास होऊच शकत नाही असं गृहीत धरून बहुतेक फॉर्म छापले जातात. जात्यावरच्या ओव्यांत माहेर येतं, आई येते, गेलेला भाऊ येतो. एखादी बाई मध्येच गायची थांबते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. रडू येणं म्हणजे वर्ग फसला असं नाही. पण दुःख वर आल्यामुळे पुढच्या पंधरवड्यातले तिचे गुण खाली जाऊ शकतात, आणि हे माहीत नसलं तर तो आकडा चुकीचा वाचला जातो. नाट्यखेळातही तसंच. मुलांनी टाकलेल्या म्हाताऱ्याची भूमिका कुणाला मिळते याकडे लक्ष हवं. एकट्याने गायला लावणं हेही गळतीचं हमखास कारण आहे.

म्हणून शेवटी दोन मोकळे प्रश्न: 'या वर्गामुळे तुमच्या आठवड्यात काही बदललं का? नसेल बदललं तरी सांगा.' आणि 'कोणत्या वेळी उठून जावंसं वाटलं?' उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहायची, आपल्या शुद्ध मराठीत नव्हे. मग दोघांनी वेगवेगळं वाचून गट पाडायचे. अहवालात निवडक गोड वाक्यं टाकायची असतील तर तेवढीच कडूही टाका.

---

समुपदेशक ठाणे

मला एकच मुद्दा मांडायचा आहे, पण तो फॉर्म छापायच्या आधी सोडवा. कुणाचे गुण फार खाली आले तर तुम्ही काय करणार?

५० च्या खाली म्हणजे आजार नव्हे, पण विचारपूस हवी. २८ किंवा त्याहून कमी असतील तर नैराश्याची शक्यता धरून त्याच आठवड्यात एकांतात बोला आणि तज्ज्ञाकडे जाण्याची वाट दाखवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग आपल्याकडे कुठे, कोणत्या वारी चालतो हे आधी विचारून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो मोठ्या अक्षरात सगळ्यांच्याच हाती द्या, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. आणि यासाठी गुण त्याच दिवशी जोडावे लागतात. फॉर्मचा गठ्ठा महिनाभर कपाटात ठेवून चालत नाही.

नैराश्य तपासणाऱ्या दवाखान्यातल्या प्रश्नावल्या वर्गात आणू नका. त्यांतल्या काहींत जीव नकोसा होण्याबद्दल थेट प्रश्न असतो. उत्तर 'हो' आलं तर तिथल्या तिथे सांभाळणारं प्रशिक्षित माणूस लागतं.

संमती लेखी घ्या, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा. मोजणीला नकार दिला तरी वर्गात प्रवेश मिळेल, हे तोंडाने सांगा. फोटोची संमती वेगळ्या कागदावर. फॉर्मवर नाव नको, क्रमांक. नाव-क्रमांकाची वही वेगळ्या कपाटात. देणगीदाराकडे फक्त एकत्रित आकडे जातील. ३० जणांच्या गावच्या गटात '७१ वर्षांच्या विधुर गृहस्थांचे गुण' एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.

---

सूरसांगाती

मनापासून आभार. चिठ्ठ्यांची कल्पना कार्यकारिणीपुढे ठेवतो, ६० अर्ज येतील असं वाटतंय. तिसरा प्रश्न राहिला: ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी स्वतः भरायचं, असं चालेल का? आणि कंपनीला शेवटी एकच आकडा हवा आहे. तो कसा द्यावा?

---

मोजपट्टी

अर्ध्यांना वाचून आणि अर्ध्यांनी स्वतः, असं नको. माणसासमोर उत्तर देताना लोक 'माझं बरं चाललंय' असं जरा जास्तच सांगतात. त्यामुळे सगळ्यांनाच वाचून दाखवा, आणि तिन्ही वेळा त्याच पद्धतीने. वाचणारी व्यक्ती वर्गाशी संबंधित नको. जवळच्या महाविद्यालयातले समाजकार्याचे विद्यार्थी चालतील, एक दुपार सराव करून घ्या. विधान दोनदा वाचायचं, स्वतःच्या शब्दांत समजावायचं नाही. 'म्हणजे काय हो?' असं विचारलं तर 'तुम्हाला जसं वाटेल तसं' एवढंच उत्तर. सून किंवा मुलगा शेजारी बसलेला नसावा. घरी गेलात तर हे सर्वांत अवघड जातं, म्हणून मोजणी वर्गाच्या जागीच घ्या.

उत्तरासाठी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड करा: सहा आडव्या पट्ट्या, पहिली पूर्ण रिकामी, शेवटची पूर्ण भरलेली, मधल्या चढत्या. खाली मोठ्या अक्षरात 'कधीच नाही' पासून 'सतत' पर्यंतची सहा उत्तरं. माणसाने फक्त बोट ठेवायचं. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं टाळा, प्रश्न किती वेळ असं वाटलं याचा आहे. 'दोन आठवडे' पक्कं व्हावं म्हणून खूण द्या: 'मागच्या एकादशीपासून आजपर्यंत'. दोन एकादशींमध्ये साधारण पंधरवडाच असतो, त्यामुळे ज्येष्ठांना ती मोजणी बिनचूक जमते. मोजणी एकादशीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या एक-दोन दिवसांत लावली की झालं.

कुणाला ऐकायला कमी येत असेल तर शांत कोपरा आणि समोरासमोर बसणं. एका व्यक्तीला दहा ते बारा मिनिटं धरा. ६० जणांना चार वाचक असतील तर एकूण तीन तास.

एका आकड्याबद्दल: टक्के देऊ नका. २७ पैकी २० जण म्हणजे ७४ टक्के, पण दोन माणसं इकडची तिकडे झाली तर तो ६७ होतो. माणसंच मोजा. अर्ज किती, प्रवेश किती, आठ वर्ग पूर्ण करणारे किती. मग दोन्ही वेळा मोजणी झालेल्या सगळ्यांपैकी (वर्ग सोडलेले धरून) ज्यांचे गुण १० किंवा जास्त चढले ते किती, जागेवर राहिले ते किती, १० किंवा जास्त उतरले ते किती. शेजारच्या रकान्यात प्रतीक्षा यादीतल्या गटाचे तेच आकडे. आणि खाली दोन गटांच्या सरासरी बदलातला फरक, त्याच्या दोन्ही टोकांच्या मर्यादांसह. अर्ध्या पानात बसतं. एकच आकडा हवा असेल तर हा शेवटचा फरक द्या, पण मर्यादा सोडून एकटा देऊ नका.

आणि सूचींतला प्रत्येक प्रश्न वेगळा पाहायला विसरू नका. रात्री तीनदा लघवीला उठावं लागणाऱ्या माणसाचं 'उठल्यावर ताजंतवानं' या ओळीतलं उत्तर गाण्याने बदलणार नाही. तिथे गुण हलले नाहीत म्हणून एकूण बेरीज कमी चढली असेल आणि 'जगण्यात रस' या ओळीत मात्र वाढ असेल, तर ते कंपनीला स्वतंत्र वाक्यात सांगा. फक्त कोणत्या ओळीत बदल अपेक्षित आहे हे पहिल्या वर्गाच्या आधी कागदावर तारीख घालून लिहून ठेवलेलं असावं.